पाच एकर अरेबिका, सहा टाक्या आणि चार लाखांचं कर्ज

प्रश्न असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांच्या सासऱ्यांची चिक्कमगळूरु जिल्ह्यात मूडिगेरेजवळ पाच एकर अरेबिका आहे, बहुतेक झाडं एस ७९५ या जातीची. पीक दरवर्षी पार्चमेंट (साल-गर काढून, कागदासारख्या टरफलासकट वाळवलेलं बी) करून गावातल्याच व्यापाऱ्याला जातं. पुण्याच्या कॅफेत मात्र यांना ‘अ‍ॅनएरोबिक नॅचरल’ची, म्हणजे हवाबंद आंबवून सालीसकट वाळवलेल्या कॉफीची, पाव किलोची पिशवी आठशे-नऊशे रुपयांना दिसते. सहा स्टीलच्या टाक्या, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी सोय) आणि आम्लता मोजणारं पीएच मीटर मिळून चार लाखांचं कोटेशन हातात आहे. कर्ज काढून हे करावं का, आणि पैसे किती वर्षांत फिटतील, असं ते विचारतात.

आधी उत्तर सांगते: टाक्यांसाठी कर्ज काढू नका. आंबवण्याचा प्रयोग मात्र जरूर करा, पण वेगळ्या क्रमाने. हे कशाच्या आधारावर सांगते आहे ते आता सविस्तर लिहिते. मी किण्वन शिकले नाशिकच्या द्राक्षांवर, वायनरीत. नंतर कॉफीकडे वळले. चिक्कमगळूरु आणि हासन भागातल्या छोट्या बागायतदारांचे लॉट, म्हणजे एका वेळी वेगळा ठेवलेला माल, प्रक्रिया करून देणं, चाखणं आणि कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरपर्यंत पोचवणं हेच आता माझं काम आहे.

आंबवल्याने कॉफीचा भाव वाढतो का, याबद्दल वाद नाही. नीट आंबवलेल्या, नीट वाळवलेल्या लॉटला जास्त भाव मिळतो. पाहायचं असतं ते पुढचं: वाढलेल्या रुपयातला किती भाग सासऱ्यांच्या हातात उरतो, आणि लॉट बिघडला तर तो भुर्दंड कोणावर पडतो. पिशवीवरच्या किमतीवरून यातलं काहीच कळत नाही. आठशे रुपयांच्या पिशवीत भाजताना घटलेलं वजन आहे, पॅकिंग आहे, कर आहे, दुकानाचं भाडं आहे, न खपलेल्या पिशव्यांचा तोटाही आहे. बागायतदाराला हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांचा जो भाव मिळतो, हिशेब तिथून सुरू होतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. बाग किती उंचीवर आहे? डिसेंबरात तुमच्याकडे ऊन किती तास टिकतं? वाळवणाकडे लक्ष द्यायला घरातलं माणूस आहे का, की प्रत्येक हात रोजंदारीचा? आणि सगळ्यात नाजूक मुद्दा, सासरे त्या व्यापाऱ्याकडून पावसाळ्यात उचल घेतात का? खत आणि मजुरीसाठी उचल घेतली असेल तर पीक त्याच्याच दारात जाणार, असा न लिहिलेला करार असतो. तो मोडला तर पुढच्या जूनमध्ये पैसे कोण देणार, हे आधी ठरवावं लागतं. रोस्टर उचल देत नाही, आणि माल उचलल्यावरही बरेच जण महिना-दोन महिन्यांनी पैसे देतात.

आता आकडे. खालचे भाव मी समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या वर्षाचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. वजनाचं गणित मात्र साधारण असंच राहतं. अरेबिकाच्या ५०० किलो ताज्या फळांचं सुमारे १०० किलो कोरडं पार्चमेंट होतं, म्हणजे ५० किलोच्या दोन पिशव्या. ते सोलल्यावर ८० किलोच्या आसपास साफ बी हाती येतं. तुमच्या पाच एकरांत बऱ्यापैकी वर्षी सहा टन फळ निघतं असं धरू, म्हणजे पार्चमेंटच्या २४ पिशव्या. पिशवी २४,००० रुपयांना गेली तर पूर्ण पिकाचे पावणेसहा लाख झाले. यात बागेतली मिरी धरलेली नाही, आणि मजुरी, खत, फवारणी अजून वजा व्हायची आहे. चार लाखांचं कर्ज आपण कोणत्या आकड्यावर चढवतोय ते यावरून ध्यानात येईल.

एका लॉटपुरतं पाहू. ५०० किलो फळ नेहमीसारखं पार्चमेंट करून दिलं की ४८,००० रुपये, दारात, बहुधा त्याच आठवड्यात. तेच फळ अ‍ॅनएरोबिक नॅचरल केलं. ८० किलोंतलं मोठं, सारख्या आकाराचं, डाग नसलेलं बी ६४ किलो निघालं आणि रोस्टरने किलोला ९०० रुपये दिले, तर ५७,६०० झाले. उरलेलं १६ किलो म्हणजे पीबेरी (फळात एकटंच वाढलेलं गोल बी), बारीक, तुटकं, डागी. ते नेहमीच्या बाजारात जातं, आणि तिथे आंबलेला वास दोष मानतात. त्याचे किलोला ४०० धरा, म्हणजे ६,४००. एकूण ६४,०००. नेहमीपेक्षा १६,००० जास्त.

आता खर्च. फक्त पिकलेलं लाल फळ तोडायचं तर मजूर दिवसभरात कमी किलो तोडतो, त्याला किलोमागे पाच रुपये वाढवून द्यावे लागले तर २,५०० गेले. तीन आठवडे वाळवण उलटणं, झाकणं, निवडणं यात रोज अर्धं माणूस, ५,५००. एवढासा लॉट मोठं क्युअरिंग वर्क्स (सोलणी-प्रतवारीचा कारखाना) वेगळा चालवून देत नाही. छोट्या हलरवर सोलून, प्रतवारी करून घ्यायचे १,६००. हवाबंद पिशव्या ७५०, नमुने पाठवणं आणि चाखून घेणं १,५००, वाहतूक १,२००. आणि ४८,००० रुपये जे आठवड्यात मिळाले असते ते चार महिने अडकले, वर्षाला १२ टक्क्यांनी त्याचं व्याज १,९२०. बेरीज जवळजवळ १५,०००. म्हणजे ९०० रुपये भाव मिळूनही लॉटमागे हजार रुपये सुटले, आणि टाकीची किंमत यात अजून धरलेली नाही.

भाव १,१०० मिळाला तर? लॉटमागे १३,८०० सुटतात. हे ऐकायला चांगलं वाटतं. पण तुमच्या सहा टनांतलं सगळं फळ या कामाचं नसतं. सुरुवातीची फ्लाय पिकिंग (तुरळक पिकलेली फळं वेचणं) आणि शेवटचं स्ट्रिपिंग (उरलेलं सगळं ओरबाडून काढणं) सोडलं की मधल्या तोडणीचं साधारण निम्मं फळ उरतं, म्हणजे सहा लॉट. त्यातला एक बिघडला असं धरा, शिकाऊ वर्षांत हे धरायलाच हवं. बिघडलेला लॉट किलोला ४५० ने गेला, तर नेहमीपेक्षा १२,००० कमी आले आणि तोडणी, वाळवण, सोलणं आणि व्याज यांचा सुमारे १२,००० चा खर्च बुडाला. पाच चांगल्या लॉटचे ६९,००० वजा २४,०००, राहिले ४५,०००. चार लाखांवर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ४८,०००. बाकीचे पाचही लॉट चांगल्या भावाने खपूनसुद्धा पहिल्या वर्षी व्याजच भागत नाही, मुद्दल तर दूरच. म्हणून मी टाक्यांच्या कर्जाला नाही म्हणते.

घरचं माणूस वाळवणावर राबणार असेल तर ५,५०० घरात राहतात, हे खरं. पण त्या माणसाचे तीन आठवडे फुकट नसतात, आणि तोडणीच्या हंगामात तर ते सगळ्यात महाग असतात.

जिथे छोट्या बागायतदाराचे पैसे खरोखर बुडतात त्या वाळवणाबद्दल आता थोडं जास्त लिहिते. टाकी सगळ्यांना दिसते, वाळवणाच्या खाटा कोणी मोजत नाही. ५०० किलो फळ पल्पर करून, म्हणजे यंत्राने साल काढून, धुतलं की २२५-२५० किलो ओलं पार्चमेंट राहतं. दोन-अडीच सेंटिमीटर थर दिला तर त्याला १५ चौरस मीटर जाळीची खाट पुरते, आणि नऊ-दहा दिवसांत ती मोकळी होते. तेच फळ सालीसकट वाळवायचं तर थर पातळ लागतो, ५० चौरस मीटर जागा अडते, आणि तीही बावीस-पंचवीस दिवस. जागा आणि दिवस यांचा गुणाकार केला की नॅचरल लॉट धुतलेल्या लॉटच्या आठपट खाट खातो. खाट अडली की मागून येणारं फळ जमिनीवर जातं, जाड थरात पडतं, तापतं, आणि ज्या पिकाला नेहमीचा भाव मिळायचा तेही उतरतं. एका भारी लॉटपायी उरलेल्या दहा पिशव्यांचा भाव पडलेला मी पाहिला आहे, आणि हा तोटा कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो.

त्यात हल्ली नोव्हेंबर-डिसेंबरात अवेळी पाऊस येतो. वरून प्लास्टिकचं छप्पर आणि बाजूने वारा, अशी सोय नसेल तर आंबवलेलं फळ आठव्या-दहाव्या दिवशी चिकट होतं, गठ्ठे बनतात, आणि गठ्ठ्याच्या पोटात पांढरी बुरशी धरते. गठ्ठा हाताने फोडून आत पाहायची सवय लावा, वरून सगळं छान दिसतं. फळ वाळत आलं की मूठभर कानाजवळ हलवा. आतलं बी सुटून खुळखुळ वाजलं तर जवळ आलं, आवाज बद्द आला तर अजून ओल आहे. अंतिम निकाल मात्र ओलावा मोजण्याच्या यंत्राचाच, १० ते ११.५ टक्के. कानावर भरवसा ठेवून पोती भरली आणि तीन महिन्यांनी रोस्टरने ‘जुनाट वास येतो’ म्हणून परत पाठवली, असं व्हायला नको.

टाकीत होतं काय, हेही समजून घ्या, म्हणजे टाकी का महत्त्वाची नाही ते कळेल. वाईनमध्ये जो रस आंबतो तोच बाटलीत जातो. कॉफीत आंबतो तो बियाभोवतीचा गर, आणि तो आपण शेवटी काढून टाकतो. बियात मुरतात ती त्या गरात तयार झालेली आम्लं आणि सुगंधी द्रव्यं, तीही थोडीच. त्यामुळे फळ मुळात कमी पिकलेलं असेल तर आंबवून त्यात गोडवा आणता येत नाही. झाकण बंद असलं की यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात, आतला कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. झाकण सैल असेल, किंवा पिंप अर्धंच भरलं असेल, तर हवा राहते आणि व्हिनेगर करणारे जिवाणू घुसतात. झाकण उघडताच नाकात पिकल्या फळाचा, थोडा दारूसारखा वास आला तर ठीक. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा झोंबणारा वास आला तर ताबडतोब काढून वाळवणावर पसरा, वाट पाहू नका.

हे सगळं अन्न साठवण्याच्या दर्जाच्या, घट्ट झाकणाच्या २०० लिटरच्या प्लास्टिक पिंपात होतं. झाकणाला भोक पाडून नळी काढायची आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, की झाला एअरलॉक. पिंप पूर्वी कशासाठी वापरलं होतं ते मात्र विचारून घ्या, रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी चालणार नाही. पीएच मीटर आणि थर्मामीटर यांवर खर्च करा, ते खरंच लागतात. धुतलेल्या कॉफीत मी पीएच ४ च्या खाली जाऊ देत नाही.

‘७२ तास’, ‘१२० तास’ या कृती इंटरनेटवरून उचलू नका. २०१५ साली सिएटलच्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत साशा शेस्टिच कार्बनिक मॅसरेशन (बंद टाकीत कार्बन डायऑक्साइड भरून आंबवणं) केलेली कोलंबियाची कॉफी घेऊन जिंकले, आणि तेव्हापासून या पद्धतींची लाट आली. त्यातले तास त्या डोंगरावरच्या तापमानाचे आहेत. मूडिगेरेत डिसेंबरात रात्री गारठा आणि दुपारी चांगलंच ऊन असतं. सावलीतलं पिंप आणि उन्हातलं पिंप यांत एका दिवसाचा फरक पडतो. विकतचं यीस्ट वापरायचं की नाही, हाही प्रश्न येईलच. ते विरजणासारखं काम करतं, दर वेळी दही सारखं लागावं यासाठी. ज्या रोस्टरला पुढच्या वर्षी तीच चव हवी आहे त्याच्यासाठी त्याचा खर्च परवडतो, पहिल्या वर्षी गरज नाही. दालचिनी, अननस वगैरे पिंपात घालण्याच्या फंदात पडू नका. ती चव बागेची नसते, आणि बरेच रोस्टर असा माल हल्ली सरळ नाकारतात.

आता बाजाराबद्दल, कारण लोक इथेच फसतात. २०१९ साली न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पौंडाला एक डॉलरच्या खाली गेली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती चार डॉलरच्या वर गेली. भाव चढले की सगळ्यांना वाटतं आता आणखी भारी कॉफी करू. हिशेब मात्र नेमका उलटा बसतो. तोडणी, वाळवण, सोलणं यांचा जादा खर्च रुपयांत तेवढाच राहतो, रोस्टरच्या गिऱ्हाइकाचा खिसाही तेवढाच राहतो, पण नेहमीच्या मालाचा भाव वर सरकतो, म्हणून मधली फट अरुंद होते. शिवाय पिंपात घातलेलं फळच महाग झालेलं असतं, त्यामुळे बिघडलं तर जास्त बुडतं. पिशवीचा भाव १२,००० असेल तर वरच्याच लॉटला रोस्टरने अवघे ७०० दिले आणि उरलेलं बी २०० ने गेलं, तरी लॉटमागे दहा हजार सुटतात. २४,००० च्या वर्षी ९०० मध्येही हजारच सुटले होते. म्हणजे आंबवलेली कॉफी पडत्या भावाच्या वर्षांत आधार देते. चढत्या वर्षी तिच्यावर जोर देऊ नका, फक्त हात चालू ठेवा आणि रोस्टरशी संबंध टिकवा.

रोस्टरचं गणितही समजून घ्या. पुण्या-मुंबईतला छोटा रोस्टर अ‍ॅनएरोबिक लॉट एक-दोन पोती घेतो, नवलाई म्हणून. पुढच्या वर्षी त्याला वेगळी नवलाई हवी असते. स्वच्छ धुतलेली, सारखी वाळलेली एस ७९५ मात्र त्याला बाराही महिने लागते, कारण दुधातली कॉफी आणि कोल्ड ब्रू त्यावर चालतात. तिला किलोला दीड-दोनशे जास्त मिळतात, त्यापेक्षा फार नाही. पण ती दर वर्षी विकली जाते, आणि एखादा लॉट रोस्टरने नाकारला तरी पार्चमेंट म्हणून व्यापाऱ्याकडे पूर्ण भावाने जातो. नॅचरल अ‍ॅनएरोबिकला ही परतीची वाट नसते. पाच एकरांच्या माणसाला परतीची वाट फार मोलाची आहे.

जगात इतरत्र छोट्या शेतकऱ्याने हे कसं सोडवलं, तेही बघा. केनियात छोटा शेतकरी लाल फळ सहकारी सोसायटीच्या ‘फॅक्टरी’वर नेऊन घालतो, पल्परपासून वाळवणापर्यंतचं काम तिथे होतं. आपल्याकडे आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांचं फळ असंच केंद्रावर गोळा होऊन प्रक्रिया होते, आणि अराकूचं नाव आज परदेशातही आहे. शेतकऱ्याला पिकलेल्या फळाचे चांगले पैसे मिळतात, आंबवण्याची जोखीम केंद्राच्या अंगावर जाते. कोलंबियात छोटे शेतकरी घरीच पल्पर चालवतात आणि आंबवतात, पण तिथे १९२७ पासून चालत आलेला शेतकऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ आहे, आणि ठरलेल्या दर्जाचं पार्चमेंट त्या दिवशीच्या जाहीर भावाने घेण्याची त्याची हमी आहे. तुमच्या आजूबाजूला असेच चार-पाच बागायतदार असतील तर एकत्र खाटा, एक हलर, ओलावा मोजण्याचं एक यंत्र, असं करता येईल का ते सासऱ्यांना विचारा. एकट्याने सहा टाक्या घेण्यापेक्षा यात मला जास्त अर्थ दिसतो.

आता तुमच्या जागी असते तर पहिल्या हंगामात काय केलं असतं ते सांगते. चाळीस-पन्नास हजारांत बांबू किंवा पाइपच्या चौकटीवर जाळी ताणून खाटा आणि वर छप्पर केलं असतं. सुधारित वाळवणाच्या योजना दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून आधी कॉफी बोर्डाच्या जवळच्या लायझन कार्यालयात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारलं असतं. तोडणीच्या वेळी लाल फळ वेगळं भरून घेतलं असतं, पाण्यात टाकून तरंगणारं काढलं असतं, आणि ते सगळं स्वच्छ धुतलेलं पार्चमेंट केलं असतं. पल्परचं पाणी ओढ्यात सोडलं नसतं, खड्ड्यात जिरवलं असतं. आंबवण्याच्या प्रयोगाला फक्त तीन-चार पिंपं, मधल्या तोडणीच्या ऐन दिवसांतली, आणि तीही सालीसकट नव्हे. पल्पर करून गरासकट बंद पिंपात आंबवायचं, मग धुवायचं. चव वेगळी येते, खाट दहा दिवसांत मोकळी होते, आणि जमलं नाही तरी नुकसान कमी.

आणि पिंप बंद करण्याआधी गिऱ्हाईक. या वर्षीचं पार्चमेंट घरात असेल तर त्यातलं दोन किलो सोलून ऑक्टोबरच्या आत दोन-तीन रोस्टरांना पाठवा. तुम्ही पुण्यात आहात, ही तुमची खरी जमेची बाजू आहे. सासऱ्यांना जे जमणार नाही ते तुम्ही करू शकता: समोर बसून चाखा, ‘ही अशी धुतलेली किती घ्याल, कोणत्या भावाने, पैसे किती दिवसांत द्याल’ हे विचारून लिहून घ्या. तोंडी ‘लॉट झाला की पाठवा, बघू’ याला मागणी समजू नका. कोणी वेगळी आंबवणी मागितलीच तर फळाच्या किमतीएवढी रक्कम आगाऊ मागा. जो जोखमीत वाटा उचलायला तयार आहे त्याच्यासाठीच झाकण लावा.

सासरे हो म्हणतील की नाही, हे उचलीवर ठरेल. म्हणून त्या व्यापाऱ्याला पूर्ण तोडू नका. पहिल्या वर्षी २४ पैकी वीस पिशव्या त्यालाच जाऊ द्या, चार बाजूला काढा. बागेची उंची, खाटांना मिळणारी मोकळी जागा आणि घरातले किती हात आहेत हे कळवलंत, तर खाटा किती लागतील आणि तोडणीच्या कोणत्या आठवड्यातलं फळ बाजूला काढायचं, ते मी नेमकं सांगू शकेन.